रिकामी रिंग आणि समोरचा हात

कबड्डीच्या चढाईचा सराव कुणी एकट्याने करत नाही. समोर साखळी धरून उभा असलेला बचाव नसेल तर चढाई म्हणजे नुसती धाव, हे ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही मंडळाच्या मैदानावरचं पोरगं सांगेल. बास्केटबॉलचं मात्र वेगळं झालं, आणि त्याला कारण रिंग. ती कुठे जात नाही, कंटाळत नाही, अडवत नाही. एकट्याने चेंडू घेऊन गेलं तरी तासाभरात घाम येतो आणि सराव झाल्याचं समाधानही मिळतं. घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या पोडियमवर, कल्याणच्या खडकपाड्यात, डोंबिवलीच्या एमआयडीसीत किंवा पलावात संध्याकाळी जी मुलंमुली रिंगखाली दिसतात, त्यांतली बरीचशी अशीच खेळतात. शॉट, चेंडूमागे धाव, पुन्हा शॉट. त्यातल्या काहींचे दहापैकी सात-आठ सहज पडतात.

मग शालेय स्पर्धा येतात. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालचे गट. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. आणि पहिल्याच सामन्यात त्याच हाताने, तसल्याच रिंगवर दहापैकी दोन. बाहेर बसलेले पालक हमखास विचारतात, "सर, घरी तर सगळे पडतात याचे, इथे काय झालं?" सरांचंही उत्तर ठरलेलं असतं: टेन्शन आलं.

टेन्शन येतं हे खरं. पण सगळं बिल त्याच्या नावावर फाडणं बरोबर नाही. सामन्यातला शॉट आणि पोडियमवरचा शॉट या मुळात दोन निराळ्या कृती आहेत, आणि मुलाने त्यांतल्या एकीचाच सराव केलेला असतो.

याचं मूळ खेळाच्या जन्मातच आहे. डिसेंबर १८९१मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ रचला, तेव्हा गोल जमिनीवर ठेवला तर पोरं चेंडू जोर लावून हाणतील आणि धसमुसळेपणा होईल, ही त्यांची चिंता होती. म्हणून त्यांनी गोल आडवा केला आणि डोक्याच्या वर नेला. व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकल्या, सज्जाची उंची दहा फूट होती, तीच आजची ३.०५ मीटर. यात आणखी एक हिशोब होता. गोल डोक्यावरून गेल्यावर त्याच्याभोवती कडं करून उभं राहण्यात काही अर्थ उरत नाही, चेंडू वरून येणारच. झालं असं, की बचावाला अडवण्यासारखं रिंगपाशी काही राहिलं नाही, आणि तो सरळ चेंडू टाकणाऱ्याच्या अंगाशी गेला. बास्केटबॉलमध्ये राखायचा असतो तो माणूस. त्यामुळे समोर माणूस नसलेला शॉट हा या खेळात अपवाद आहे. फ्री थ्रो सोडला तर तो अपवाद नियमाने कुणाला मिळत नाही, कमवावा लागतो.

आता थोडं गणित. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर, मुलग्यांच्या सात नंबरच्या चेंडूचा सुमारे २४. चेंडू सरळ वरून पडला तर त्याला ४५ सेंटिमीटरचं पूर्ण तोंड मिळेल. पण तो तिरका येतो, आणि तिरक्या वाटेवरून गोल तोंड लंबगोल होतं. ४५ अंशांनी उतरणाऱ्या चेंडूला ते ३२ सेंटिमीटरच उरतं. उतरण्याचा कोन साधारण ३२ अंशांखाली गेला की तोंड चेंडूपेक्षाही अरुंद. मग लोखंडाला न लागता चेंडू आत जाणं अशक्य. डावी-उजवीकडची सूटही फार नाही, मध्यापासून दोन्ही बाजूंना साडेदहा सेंटिमीटर. ६.७५ मीटरवरच्या थ्री-पॉइंट रेषेवरून पाहिलं तर ती एका अंशाहूनही कमी भरते. मुलींचा सहा नंबरचा चेंडू जरा लहान असतो, तेवढीच त्यांना सवलत.

समोर हात उभा राहिला की नवशिका नेमक्या चुकीच्या दोन गोष्टी करतो. घाईघाईत चेंडू सपाट फेकतो, म्हणजे उतरण्याचा कोन पाडतो. आणि हात चुकवायला मागे किंवा बाजूला कलतो, म्हणजे तो एक अंशही घालवतो. सरावलेला खेळाडू काय करतो, ते स्पेनमधल्या ग्रॅनडा विद्यापीठाच्या रोहास आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये छापलेल्या अभ्यासात मोजलेलं आहे. त्यांनी अनुभवी खेळाडूंना आधी एकट्याने आणि मग प्रतिस्पर्धी समोर असताना जंप शॉट घ्यायला लावले. प्रतिस्पर्धी असताना चेंडू लवकर सुटला, जास्त उंचीवरून सुटला आणि जास्त उभ्या कोनात सुटला. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडम गॉर्मन आणि मायकेल मॅलनी यांनी २०१६मध्ये हीच गोष्ट पुन्हा तपासली. डिफेंडर असताना शॉट घाईने निघतो, चेंडू हवेत जास्त वेळ राहतो आणि अचूकता घसरते, असं त्यांनाही दिसलं. म्हणजे कसलेला खेळाडू समोरच्या हातासाठी वेगळाच शॉट काढतो. आपण तो वेगळा शॉट मुलांना शिकवतच नाही. रिकाम्या रिंगवर जो शिकवतो, तोच ते सामन्यात ओढूनताणून वापरतात.

डोळ्यांचं गणित तर याहून अवघड आहे. कॅनडातल्या जोन व्हिकर्स यांनी १९९६मध्ये फ्री थ्रो टाकणाऱ्यांची नजर मोजली. उत्तम टाकणारे हात हलवण्याआधी सुमारे सेकंदभर रिंगवरच्या एका जागी नजर रोखून ठेवतात, कच्चे टाकणारे इकडेतिकडे बघत राहतात. हे कळल्यावर 'रिंगकडे बघ, रिंगकडे बघ' हा प्रशिक्षकांचा धोशा आणखी वाढला. पण फ्री थ्रोमध्ये सेकंद असतो, धावपळीत तो आणायचा कुठून? नेदरलँड्सच्या राऊल आउडेयान्स यांनी २००२मध्ये खेळाडूंना उघडझाप होणारे चष्मे घालून जंप शॉट टाकायला लावले. आधी दिसलं आणि शेवटी अंधार झाला, तर शॉट बिघडले. आधी अंधार आणि चेंडू सुटण्याआधीच्या शेवटच्या साधारण एक तृतीयांश सेकंदात रिंग दिसली, तर शॉट जवळजवळ नेहमीइतकेच चांगले. पुढे त्यांनी पडद्याआडून येऊन ऐनवेळी रिंग शोधायचा सरावही खेळाडूंकडून करून घेतला. याचा मैदानावरचा अर्थ सोपा आहे: उडी घेताना डिफेंडरच्या बोटांवरून रिंग शोधायला नजर शिकली पाहिजे. रिकाम्या कोर्टवर नजरेला हे काम कधी पडतच नाही, कारण रिंग सतत समोर असते.

तिसरी गोष्ट वेळ. समजा, डिफेंडर रिंगजवळ आहे आणि चेंडू त्याच्यापासून चार मीटरवर असलेल्या तुमच्याकडे येतोय. त्याला पास ओळखायला पाव सेकंद, जागेवरून चार मीटर धावायला सेकंदभर. त्याची धाव पास हवेत असतानाच सुरू झालेली असते, आणि पासला अर्धा-पाऊण सेकंद लागतोच. म्हणजे चेंडू हातात आल्यावर तुमच्याकडे उरतं ढोबळमानाने अर्ध्या सेकंदापेक्षा थोडं जास्त. शाळेतला मुलगा चेंडू पकडतो, कमरेपर्यंत खाली नेतो, पाय जुळवतो, रिंगकडे बघतो, मग उडी मारतो. एवढ्यात सेकंद कधीच गेलेला असतो. पाय चेंडू येण्याआधी जुळवायचे असतात, हे कितीही सांगितलं तरी कळत नाही. अंगावर कुणी धावून आलं की दोन दिवसांत कळतं.

इथे आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न येतो. आमच्याकडे रिंग एक आणि मुलं वीस, ही ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या प्रशिक्षकांची तक्रार खोटी नाही. शाळेच्या मैदानात एका टोकाची रिंग वाकलेली, दुसऱ्या टोकाला क्रिकेट चाललेलं. सोसायटीत तर कोर्टच अर्धं. मग उपाय म्हणून रांग लावली जाते. एकेकाने शॉट टाकायचा, आपला चेंडू आणायचा, रांगेच्या शेवटी जायचं. एका शॉटला सहा सेकंद धरले तर तासात सहाशे शॉट, वीस मुलांत वाटले की प्रत्येकी तीस. दोन शॉटांमध्ये दोन मिनिटं गप्पा.

त्याच रिंगवर, त्याच वीस मुलांकडून एवढंच करून घ्या: रिंगखालच्याने बाहेरच्याला पास द्यायचा आणि पास देताच त्याच्या अंगावर धावून जायचं. याला प्रशिक्षक क्लोजआउट म्हणतात. शॉट झाला की शूटर रिंगखाली, डिफेंडर बाहेरच्या रांगेत. प्रत्येक फेरीला आठ सेकंद धरले तरी तासात साडेचारशे फेऱ्या होतात, म्हणजे प्रत्येकी बावीस शॉट आणि बावीस वेळा बचाव. शॉट आठ कमी झाले. पण त्या बावीसांतला प्रत्येक शॉट हातावरून गेलेला असतो, आणि जो खेळ निम्मा बचावाचा आहे त्याचा सराव फुकटात झालेला असतो. म्हणून मला जागेच्या तक्रारीत अर्धंच तथ्य वाटतं. चेंडू परत फेकणारं यंत्र आणि मोकळं इनडोअर कोर्ट मिळालं तर आपली मुलं आणखी जास्त रिकामे शॉट टाकतील, एवढंच. गर्दीचं अर्धं कोर्ट या कामाला उलट सोयीचं आहे. ३x३ हा प्रकार एकाच रिंगवर खेळतात, हल्ला बारा सेकंदांत संपवावा लागतो, सामना दहा मिनिटांचा किंवा एकवीस गुणांचा, आणि तो टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आहे. पोडियमवरच्या कोर्टला लागतं ते सगळं त्यात बसतं.

मुंबईच्या बास्केटबॉलचा इतिहासही थोडा याच बाजूने बोलतो. नागपाड्याच्या दाट वस्तीत क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२७मध्ये नेबरहूड हाऊस सुरू केलं, तिथल्या मैदानातून हा खेळ गल्लीत रुजला. बच्चू खान यांच्यासारख्या प्रशिक्षकांच्या हाताखाली तिथून एकामागून एक खेळाडू घडले. भारताचे कर्णधार आणि १९७०चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर तिथलेच. जागेच्या टंचाईमुळेच ते घडले, असं सिद्ध करता येणार नाही. पण रिंगखाली नेहमी कुणीतरी आडवं येणार, अशा ठिकाणी वाढलेल्या खेळाडूला सामना परका वाटत नसणार, असं मला वाटतं.

रांगेतल्या शॉटचा दुसरा दोष म्हणजे एकसारखेपणा. एकाच जागेवरून सलग दहा शॉट टाकले की सहावा-सातवा आपोआप सुधारतो आणि मुलाला वाटतं, जमलं. १९७८मध्ये केर आणि बूथ यांनी लहान मुलांना छोट्या पिशव्या नेम धरून टाकायला दिल्या. एका गटाने तीन फुटांवरूनच सराव केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवरूनच होती, आणि आठ वर्षांच्या मुलांत सरस ठरला तो तीन फुटांवरून कधीच न टाकलेला गट. पुढच्याच वर्षी शी आणि मॉर्गन यांनी दाखवलं, की कामं आलटूनपालटून केली तर सरावात आकडे वाईट दिसतात पण नंतर लक्षात जास्त राहतं. त्याच्याही कितीतरी आधी, १९२०च्या दशकात, मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाईन यांनी लोहारांच्या हालचालींचं चित्रण केलं होतं. हातोडा दर वेळी योग्य जागी पडत होता, पण हाताची वाट दर वेळी थोडी वेगळी होती. कौशल्य ठोकळ्यासारखं घट्ट नसतं. अडचण बदलली की ते स्वतःला बदलून घेतं. डिफेंडर ही सतत बदलणारी अडचण आहे, आणि म्हणून त्याची जागा शंकू किंवा खुर्ची घेऊ शकत नाही.

झाडूही नाही. आपल्याकडे बरेच सर उंच झाडू किंवा काठी धरून शूटरपुढे उभे राहतात. चेंडूला उंची द्यायची सवय लावण्यापुरतं, पाच-सात मिनिटं, ते ठीक आहे. पण झाडू फसत नाही. शॉटची हूल (पंप फेक) दाखवली तर उडत नाही, ड्रिबल टाकला तर मागे पळत नाही. आणि सामन्यातला खरा प्रश्न शॉट कसा टाकायचा याच्या आधी येतो: टाकायचा की नाही? डिफेंडर उशिरा आला तर लगेच शॉट. उंच उडत आला तर त्याला जाऊ द्यायचं आणि एका ड्रिबलने पुढे. अर्ध्यात थांबला तर पाहायचं, पलीकडचा सहकारी मोकळा झालाय का. वाईट शॉट टाकणारे बरेच जण नेमबाजीत कच्चे नसतात, निवडीत कच्चे असतात.

म्हणून क्लोजआउटच्या सरावात डिफेंडरला मुभा द्यावी: पूर्ण ये, अर्ध्यावर थांब, नुसतीच हूल दे, शूटरला आधी कळता कामा नये. ते बसलं की एकास एक, पण ड्रिबल दोनच. मग दोघांवर एक डिफेंडर, तिघांवर दोन. इथे मोकळा कोण, हे दर वेळी वेगळं असतं. शेवटची पंधरा-वीस मिनिटं तीनास तीन, आणि बाहेर बसलेल्या एकाने बारापासून उलटे आकडे मोठ्याने म्हणायचे. शॉट क्लॉक विकत घ्यायची गरज नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाने मोजलेले आकडे जरा जलद पळतात, त्यानेही बिघडत नाही.

याला एक मर्यादा आहे. कोपर बाहेर फेकणाऱ्या, चेंडू तळव्यात घेणाऱ्या मुलाची पकड सुधारायची तर त्याला थोडा वेळ एकटं सोडावंच लागतं. समोर हात असताना नवी पकड कुणी शिकत नाही, जुनीच घट्ट होते. आणि अकरा-बारा वर्षांखालच्या मुलांना ३.०५ मीटरच्या रिंगवर सात नंबरचा चेंडू टाकायला लावणं हाच मुळात अन्याय आहे. मिनी बास्केटबॉलची रिंग २.६० मीटरवर असते आणि चेंडू पाच नंबरचा. उंच रिंगपर्यंत चेंडू पोचवायला मूल कमरेतून फेकायला शिकतं, आणि तो शॉट कुठल्याही डिफेंडरला अडवता येतो.

आता टेन्शन. फ्री थ्रोला समोर कुणी नसतं, तरी अटीतटीच्या सामन्यात तो चुकतो. तिथे दोष खरंच मनाचा असतो. २०१७मध्ये बंगळुरूत महिलांच्या आशिया चषकाच्या ब विभागाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. दोन गुण म्हणजे दोन फ्री थ्रो. अशा क्षणाची तयारी सलग पन्नास फ्री थ्रो टाकून होत नाही, कारण सामन्यात पन्नास मिळत नाहीत. एक मिळतो, दोन मिळतात, फार तर तीन, आणि तेही धापा टाकत असताना. आउडेयान्स आणि पायपर्स यांनी २००९मध्ये निष्णात बास्केटबॉलपटूंच्या एका गटाला थोड्या धास्तीत फ्री थ्रोचा सराव दिला, दुसऱ्याला निवांत. नंतर दबावाखाली चाचणी घेतली तेव्हा निवांत गट घसरला, धास्तीतला टिकला. आपल्याकडे यासाठी प्रयोगशाळा नको. तीनास तीन चालू असताना मध्येच शिट्टी वाजवायची, एकाला रेषेवर बोलवायचं, दोन शॉट द्यायचे. दोन्ही पडले तर दुसऱ्या संघाने कोर्टची एक फेरी मारायची, चुकले तर त्याच्या स्वतःच्या संघाने. बाकीचे आपोआप आरडाओरडा करतात. शिक्षा मात्र एका फेरीपलीकडे जाऊ नये. मुलाला शॉटची भीती बसवायची नाहीये, गोंगाटाची सवय लावायची आहे.

प्रगती मोजायची पद्धतही बदलायला हवी. 'शंभरात किती' हा आकडा फसवा. एनबीएत प्रत्येक शॉटच्या वेळी सर्वांत जवळचा डिफेंडर किती लांब होता, याची नोंद होते: दोन फुटांच्या आत, दोन ते चार, चार ते सहा, आणि सहाच्या पुढे. आपल्याला कॅमेरे नकोत. दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या मुलाच्या हातात वही द्या आणि तीन रकाने आखा: मोकळा, हात समोर, धावता. महिनाभरात दिसतं, की ज्याला आपण संघाचा शूटर समजत होतो तो फक्त पहिल्या रकान्यातला राजा आहे, आणि कुणी एक गप्प मुलगी मधल्या रकान्यात शांतपणे टाकते आहे. मोकळ्या आणि अडवलेल्या शॉटांतलं अंतर कमी होतंय का, हे पाहायचं. ते शून्य होत नाही, एनबीएतही नाही.

हे सगळं सिमेंटवर चालणार आहे, तेव्हा एक गोष्ट पहिल्याच दिवशी. धावून येणाऱ्या डिफेंडरने शूटरच्या पायाखाली पाय घालायचा नाही. हवेत गेलेल्या खेळाडूला उतरायला जागा देणं नियमानेच बंधनकारक आहे, आणि सरावात तर घोटे मुरगळण्याचं मोठं कारण हेच असतं. शेवटची दोन पावलं छोटी, हात वर, अंग शूटरच्या बाजूने पुढे निघून जाणारं. हे जमेपर्यंत पळत येण्याऐवजी चालत या म्हणावं.

जून ते सप्टेंबर उघडी कोर्ट ओली असतात, आणि शालेय स्पर्धांची तयारी बरीचशी त्याच दिवसांत येते. ओल्या सिमेंटवर क्लोजआउट करू नये. शाळेचा सभामंडप किंवा सोसायटीच्या इमारतीखालची मोकळी कोरडी जागा मिळाली तर तिथे रिंग नसली तरी चालतं. पास, पाय आधी जुळवणं, अंगावर येणारा डिफेंडर, टाकायचा की पुढे जायचं हा निर्णय, आणि शेवटी शॉटऐवजी भिंतीवर उंच चिकटवलेल्या पट्टीच्या वरून जाईल अशी मऊ फेक. पाऊस ओसरून पुन्हा रिंगखाली गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस अंतराचा अंदाज चुकतो, तेवढं धरून चालावं.